ओआय असलेल्या मुलांमधील मुतखडा : कमी छेदाची शस्त्रक्रिया निवडताना काय पाहावे?

कोयनाकाठ

नमस्कार. माझ्या भाचीला, वय ९, ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा म्हणजे ओआय हा हाडे ठिसूळ असण्याचा जन्मजात आजार आहे. तिचा प्रकार चौथा आहे असे डॉक्टरांनी सांगितले आहे. दोन्ही मांड्यांच्या हाडांत सळ्या घातलेल्या आहेत, पाठीचा कणा बराच वाकलेला आहे आणि हाडांची झीज रोखणाऱ्या पॅमिड्रोनेट या औषधाची सलाइने ठरावीक अंतराने चालू असतात. गेल्या महिन्यात पोटदुखीसाठी सोनोग्राफी केली तेव्हा उजव्या मूत्रपिंडात, मूत्रवाहिनी जिथून निघते त्या पसरट भागात, १६ मिलिमीटरचा खडा दिसला. मूत्रपिंडाला थोडी सूजही आहे.

आम्ही तीन ठिकाणी दाखवले आणि तिन्ही ठिकाणी वेगळा सल्ला मिळाला. एका डॉक्टरांनी बाहेरून लहरी देऊन खडा फोडण्याची लिथोट्रिप्सी सुचवली, दुसऱ्यांनी लघवीच्या मार्गाने दुर्बीण घालून लेझर करण्याचा म्हणजे आरआयआरएसचा पर्याय दिला आणि तिसऱ्यांनी पाठीतून छोटे छिद्र पाडून मिनी पीसीएनएल करावे असे सांगितले. प्रत्येकाने ‘छोटीच शस्त्रक्रिया आहे, काळजी करू नका’ असा दिलासा दिला, परंतु तिला टेबलावर कसे झोपवणार, पाय कसे ठेवणार, हे आम्ही विचारेपर्यंत कोणी बोलले नाही, आणि विचारल्यावरही उत्तर मोघमच मिळाले. ज्यांना या विषयाचा अनुभव किंवा अभ्यास आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. निर्णय अर्थातच डॉक्टरांशी बोलूनच घेऊ.

निशिगंध

मी मूत्ररोग शल्यचिकित्सक आहे. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय तुमच्या भाचीसाठी हीच पद्धत योग्य असे सांगता येणार नाही, पण तीन सल्ले तीन दिशांचे का आले हे सांगता येईल, कारण हाडे बाजूला ठेवून नुसत्या खड्याकडे पाहिले तर तिन्ही सल्ले बरोबर आहेत.

लिथोट्रिप्सी माणसावर पहिल्यांदा १९८० साली म्युनिकमध्ये झाली. मुलांमध्ये तिचे निकाल चांगले येतात, कारण मुलांची मूत्रवाहिनी आखूड आणि लवचीक असते आणि खड्याचा चुरा सहज वाहून जातो. त्यामुळे २० मिलिमीटरपर्यंतच्या खड्यासाठी बालरुग्णांत हा पर्याय सहसा आधी सुचवला जातो. मात्र खडा लहरींच्या केंद्रबिंदूत नेमका आणता आला पाहिजे आणि वाटेत हाड येता कामा नये. कणा वाकलेला असेल, बरगड्या खाली उतरून कमरेच्या हाडाला टेकत असतील, तर हे नेम धरणेच अवघड होते. युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांमध्ये, खड्यावर नेम धरता येणार नाही इतके सांगाड्याचे व्यंग हे लिथोट्रिप्सी न करण्याच्या कारणांपैकी एक म्हणून स्पष्ट नोंदवलेले आहे. शिवाय लहान मुलांना या उपचारालाही बहुधा भूल द्यावी लागते आणि १६ मिलिमीटरचा खडा एकाच बैठकीत संपेल याची खात्री नसते. दोन-तीन बैठका म्हणजे दोन-तीन वेळा भूल आणि तितक्याच वेळा टेबलावर चढवणे-उतरवणे आले.

आरआयआरएसमध्ये कोठेही छेद नाही, हे खरे आहे. पण नऊ वर्षांच्या मुलीची मूत्रवाहिनी पहिल्याच प्रयत्नात दुर्बिणीला वाट देईल असे नाही. वाट मिळाली नाही तर मूत्रवाहिनीत स्टेंट म्हणजे बारीक नळी घालून एक-दोन आठवडे थांबावे लागते, त्या काळात मूत्रवाहिनी आपोआप सैलावते, मग मुख्य शस्त्रक्रिया होते आणि त्यानंतर राहिलेला स्टेंट काढण्यासाठी मुलांना बऱ्याचदा पुन्हा भूल द्यावी लागते. छेद शून्य, पण थिएटरच्या फेऱ्या तीन, असा हा हिशोब होऊ शकतो. त्यातच ही शस्त्रक्रिया नेहमी पाय उचलून आणि फाकवून, आधारांवर अडकवून करतात. ओआयमध्ये मांडीच्या हाडाचा खुब्याजवळचा भाग त्या स्थितीत पिळला जातो, आणि आत सळी असली तरी सळीच्या टोकापाशी हाड मोडण्याची भीती राहतेच.

पीसीएनएल म्हणजे पाठीतून थेट मूत्रपिंडात वाट करून खडा काढणे. खडा काढण्यासाठीच अशी वाट करण्याचे तंत्र फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी स्वीडनमध्ये १९७६ साली प्रथम मांडले. तेव्हापासूनची नेहमीची नळी २४ ते ३० फ्रेंच जाडीची असते. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर, म्हणजेच ८ ते १० मिलिमीटरची वाट झाली; लहान मुलाच्या मूत्रपिंडासाठी ती फार मोठी आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत अगदी लहान मुलांसाठी ११ फ्रेंचची नळी वापरून ‘मिनी-पर्क’ची कल्पना पुढे आली. पुढच्या प्रगतीत आपल्या शेजारच्या राज्याचा मोठा वाटा आहे. अहमदाबादच्या डॉ. जनक देसाई यांनी ११ ते १३ फ्रेंचची अल्ट्रा-मिनी पद्धत रुजवली, तर नडियादच्या मूलजीभाई पटेल रुग्णालयाच्या डॉ. महेश देसाई यांनी सहकाऱ्यांसह २०११ मध्ये मायक्रोपर्क प्रसिद्ध केली, ज्यात वाट जेमतेम १.६ मिलिमीटरची असते.

‘मग सगळ्यांत बारीकच घ्या’ असे मात्र म्हणू नका. मायक्रोपर्कमध्ये खड्याची भुकटी करून आतच सोडावी लागते, आणि आत सोडलेले पाणी बाहेर यायला ऐसपैस वाट नसल्याने मूत्रपिंडातील दाब चढतो. लघवीत जंतू असतील तर त्या दाबाने ते रक्तात शिरू शकतात. १६ मिलिमीटरच्या खड्याला साधारण ५ मिलिमीटरची मिनी नळी अधिक सोयीची, कारण नळी आणि दुर्बीण यांच्यामधल्या पोकळीतून परत येणारे पाणीच तुकडे ओढून आणते, चिमट्याने एकेक वेचत बसावे लागत नाही. बहुतेक वेळा एका बैठकीत काम संपते. खडा मोठा आणि हाडे ठिसूळ असताना मला स्वतःला मिनी पीसीएनएलचे पारडे जड वाटते, ते याच कारणाने.

त्याची अडचण एवढीच, पण मोठी, की ही शस्त्रक्रिया परंपरेने पालथे झोपवून करतात. त्याविषयी भूलतज्ज्ञांनी लिहिलेले बरे.

पळसपान

इतक्या लहान मुलीला कापाकापी कशाला? आमच्याकडे कुळथाचे कढण आणि पानफुटीची पाने देऊन कित्येकांचे खडे पडलेले मी पाहिले आहेत. आधी तो उपाय करून पाहावा असे वाटते.

निशिगंध

पळसपान, चार-पाच मिलिमीटरचे खडे पुष्कळदा आपोआप पडतात, आणि त्या वेळी जे चालू असेल त्याला श्रेय मिळते. १६ मिलिमीटरचा खडा नऊ वर्षांच्या मुलीच्या मूत्रवाहिनीतून उतरणार नाही. मूत्रपिंडाला सूज आलेली आहे, म्हणजे वाट अडू लागली आहे. कुळथाचे कढण आवडत असेल तर जरूर द्यावे, पण त्याच्या भरवशावर महिने घालवू नयेत.

अनुस्वार

मी भूलतज्ज्ञ आहे आणि ओआय असलेल्या मुलांना हाडांच्या शस्त्रक्रियांसाठी भूल देण्याचा मला अनुभव आहे. खड्याच्या शस्त्रक्रियेतही नियम तेच लागू होतात, फक्त शरीराची ठेवण बदलते. या मुलांच्या बाबतीत छेद किती मिलिमीटरचा, हा प्रश्न मी नेहमी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. पहिला प्रश्न असा, की भुलेत असताना, म्हणजे दुखले तरी ‘आई गं’ म्हणता येत नसताना, या मुलाचे कोणते सांधे किती वेळा आणि कोणाच्या हाताने हलणार आहेत.

सुरुवात रक्तदाबाच्या पट्ट्यापासून करतो, कारण त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. स्वयंचलित यंत्राचा पट्टा दर काही मिनिटांनी दंड आवळतो, आणि गंभीर ओआयमध्ये एवढ्यानेही दंडाचे हाड मोडू शकते. म्हणून योग्य मापाचा पट्टा, खाली मऊ कापसाचा थर, दोन मापनांमध्ये शक्य तितके अंतर, आणि आजार फारच तीव्र असेल तर धमनीत बारीक नळी घालून दाब मोजणे, असे पर्याय आधी ठरवावे लागतात. हात सलाइनसाठी धरताना घट्ट आवळून धरायचा नाही, हेही तिथल्या प्रत्येकाला सांगावे लागते.

दुसरी गोष्ट मानेची. काही मुलांमध्ये कवटीचा तळ मऊ पडून मणक्याच्या टोकावर बसलेला असतो आणि तिथे मेंदूच्या खालच्या भागावर दाब येतो. म्हणून मानेचे जुने एक्स-रे किंवा एमआरआय असतील तर ते सोबत न्यावेत, आणि नसतील तर विचारावे. श्वासनलिकेत नळी घालताना मान मागे न वाकवता, सरळ ठेवूनच, व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने, म्हणजे घसा दाखवणाऱ्या कॅमेऱ्याच्या उपकरणाने, काम करावे लागते. जबडा जोराने ओढायचा नाही. ओआयमधले काही दात पारदर्शक, पिवळसर आणि ठिसूळ असतात. हलणारे किंवा झिजलेले दात पालकांनी आधी दाखवून ठेवावेत. सक्सिनिलकोलीन हे स्नायू सैल करणारे औषध टाळलेले बरे, कारण त्याने सुरुवातीला स्नायू फडफडतात आणि त्या झटक्याने हाड मोडू शकते.

तिसरी गोष्ट तापमानाची, आणि इथे पीसीएनएलचा विशेष संबंध येतो. ओआय असलेल्या काही मुलांचे अंग भुलेखाली तापते. उलट बाजूने, पीसीएनएलमध्ये लिटरच्या लिटर सलाइन वापरले जाते आणि ते थंड असेल तर लहान मूल गारठते. म्हणून सलाइन शरीराच्या तापमानाइतके कोमट ठेवून, आतले तापमान सतत मोजत राहून, गरम हवेचे पांघरूण गरजेनुसार चालू-बंद करावे लागते. ते एकदा लावून विसरून जाण्याची सवय इथे चालत नाही. मी बहुधा शिरेतून प्रोपोफॉल देऊन भूल चालू ठेवतो.

आता ठेवणीविषयी. पालथे झोपवायचे म्हणजे भूल दिलेले मूल उताण्याचे पालथे करायचे, छाती आणि कमरेखाली उशा द्यायच्या, मान एका बाजूला वळवायची. ओआयमध्ये बरगड्या मऊ, छाती आधीच लहान, कण्याच्या वाकामुळे फुप्फुसांची क्षमता कमी. प्रत्येक पायरीवर काहीतरी मोडण्याची किंवा श्वास अडण्याची शक्यता आहे. सुदैवाने उताणे झोपवून पीसीएनएल करण्याची पद्धत स्पेनच्या वाल्दिव्हिया यांनी १९८०च्या दशकातच मांडली आहे आणि आता ती अनेक ठिकाणी होते. कुशीखाली एक लहानशी मऊ उशी देऊन खड्याची बाजू थोडी वर करायची, बाकी मूल उताणेच राहते, तोंड आणि श्वासनळी माझ्या नजरेसमोर राहतात, आणि उलटवण्याचा प्रसंगच येत नाही. शिवाय मुलीला जागी असतानाच टेबलावर स्वतःच्या सोयीने आडवे होऊ देता येते. कोणती बाजू दुखते, कोणता गुडघा सरळ होत नाही, हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. ती जशी निवांत पडते तशीच ठेवण उशांनी भरून कायम करायची आणि मगच भूल द्यायची. पालथ्या पद्धतीत हे शक्यच नाही.

म्हणून डॉक्टरांना विचारायचा माझा पहिला प्रश्न असा असेल : तुम्ही उताण्या स्थितीत पीसीएनएल नेहमी करता का? ‘नेहमी’ या शब्दावर जोर द्यावा. आयुष्यात पहिल्यांदा उताणे करून पाहणाऱ्या शल्यचिकित्सकापेक्षा पालथे उत्तम करणारा आणि संथपणे, चार जणांच्या मदतीने उलटवणारा गट बरा, असेही होऊ शकते.

निशिगंध

अनुस्वार यांच्याशी पूर्ण सहमत. शल्यचिकित्सकाच्या बाजूने तीन गोष्टी जोडतो. कणा वाकलेला असताना मूत्रपिंड पुस्तकातल्या जागी नसते, कधी ते वळलेले असते आणि कधी मोठे आतडे त्याच्या मागे सरकलेले असते, म्हणून कमी किरणोत्साराचा सीटी स्कॅन आधी पाहिल्याशिवाय सुई घालू नये. सुई शक्यतो सोनोग्राफीच्या मदतीने घालावी. मुलांना क्ष-किरण जितके कमी तितके बरे, आणि ओआयच्या मुलांचे तर हाडांमुळे आधीच भरपूर एक्स-रे झालेले असतात. वाट शेवटच्या बरगडीच्या खालून करावी आणि आतल्या कोपऱ्यातला तुकडा गाठण्यासाठी नळी बरगडीवर रेटू नये. नेहमीच्या रुग्णात हे आपण सहज करून जातो. इथे बरगडी मोडेल.

रक्तस्रावाविषयीही बोलून घ्यावे. ओआयमध्ये कोलॅजेन हे ऊतींना बळकटी देणारे प्रथिन सदोष असल्याने रक्तवाहिन्या नाजूक असतात, आणि काही मुलांमध्ये प्लेटलेटची संख्या व्यवस्थित असूनही त्यांचे काम मंद असते. अंगावर सहज काळे-निळे डाग पडतात का, दात पडल्यावर रक्त थांबायला वेळ लागला होता का, मांडीच्या शस्त्रक्रियांत रक्त द्यावे लागले होते का, हे डॉक्टरांनी विचारले नाही तर तुम्ही आपणहून सांगा.

सावली

माझ्या मुलाला ओआय आहे आणि त्याचे मिनी पीसीएनएल उताण्या स्थितीतच झाले. वैद्यकीय भाग वर आलाच आहे. वॉर्डात काय लागते तेवढे मी लिहिते, कारण थिएटरमध्ये सगळे सावध असतात, धोका ट्रॉलीवर आणि वॉर्डात असतो.

आम्ही एका कागदावर ठळक अक्षरांत मजकूर लिहून तो केसपेपरच्या वरच लावला होता आणि दुसरी प्रत पलंगाच्या डोक्याशी चिकटवली होती : ‘हाडे ठिसूळ आहेत. हात किंवा पाय धरून ओढू नये. काखेत हात घालून उचलू नये. उचलताना एक हात मान व खांद्यांखाली, दुसरा नितंबांखाली. आईला किंवा बाबांना विचारल्याशिवाय कुशीवर वळवू नये.’ पाळी बदलली की नव्या सिस्टर तो कागद वाचत. ट्रॉलीवरून टेबलावर घेताना त्याला उचललेच नाही. खालची चादर सहा जणांनी ताणून धरून, एकाच्या ‘एक, दोन, तीन’वर सरकवली. ही रीत आदल्या दिवशी डॉक्टरांनी वॉर्डातल्या मावशी-मामांना करून दाखवली होती, आणि तो दिवसभर हसत होता, की आई, मला पालखीत बसवतायत.

लघवीची नळी आणि पाठीची नळी पायात अडकणार नाही अशी एकाच बाजूने बांधून घ्या. शुद्धीवर येताना मुले हातपाय झाडतात, तेव्हा कोणी दाबून धरू नये म्हणून मला रिकव्हरीत आत येऊ देण्याची परवानगी आधीच मागून ठेवली होती. अनेक रुग्णालये ही परवानगी देतात, पण मागावी लागते. आणि भाचीच्या हाडांच्या डॉक्टरांना एकदा मूत्ररोगतज्ज्ञांशी फोनवर बोलायला लावा. आमच्या बाबतीत डाव्या मांडीतली सळी वर सरकलेली आहे, त्यामुळे तो पाय किती बाहेर न्यायचा, हे त्यांनीच सांगितले.

घाटावरचा

सर्व प्रतिसाद उत्तम. एक मूलभूत शंका आहे. ओआयच्या मुलांना हाडांसाठी कॅल्शियम आणि जीवनसत्त्व ड देतात. खडाही कॅल्शियमचाच असतो. मग खडा औषधांनीच झाला, असे म्हणायचे का? कॅल्शियम बंद करावे का?

मॉन्ट्रियलकर

मी बालहाडरोगांच्या संशोधनाशी संबंधित काम करतो, म्हणून घाटावरचा यांच्या प्रश्नाला उत्तर देतो. औषधांना लगेच दोषी धरू नये, आणि कॅल्शियम स्वतःच्या मनाने अजिबात बंद करू नये.

गंभीर ओआयमध्ये हाड सतत झिजत असते आणि झिजलेल्या हाडातले कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडते. १९९१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४७ मुलांपैकी सुमारे ३६ टक्के मुलांच्या लघवीत कॅल्शियम जास्त आढळले होते, आणि ज्यांचा आजार अधिक तीव्र त्यांच्यात ते अधिक होते. फ्रॅक्चरनंतर प्लास्टरमध्ये पडून राहिल्यावर हे प्रमाण आणखी वाढते, कारण वजन न पेलणारे हाड वेगाने विरघळते. आमच्या शहरातील श्राइनर्स रुग्णालयातून डॉ. फ्रान्सिस ग्लोरिओ आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये पॅमिड्रोनेटचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे औषध हाडाची झीज रोखते, त्यामुळे लघवीतले कॅल्शियम उलट कमी होते. म्हणजे सलाइने बंद करून खडे टळणार नाहीत. फक्त मूत्रपिंड सुजलेले असताना पुढचा डोस देण्यापूर्वी मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन तपासावे, आणि डोस व शस्त्रक्रिया एकमेकांना लागून ठेवू नयेत, कारण डोसनंतर काही दिवस रक्तातले कॅल्शियम उतरू शकते.

खरी चौकशी करायची ती जीवनसत्त्व ड-ची. भारतात ६०,००० युनिटची पाकिटे सहज मिळतात, आणि आठवड्याला एक असे ठरावीक काळासाठी लिहून दिलेले पाकीट वर्षभर चालू राहिल्याची उदाहरणे असतात. रक्तातील पातळी मोजून घ्यावी. दूध-दही तोडू नये. आहारातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला, म्हणजे खडा बनवणाऱ्या दुसऱ्या घटकाला, बांधून ठेवते, ते कमी केले तर ऑक्झलेट अधिक शोषले जाते आणि हाडेही उपाशी राहतात. मीठ मात्र कमी करावे, कारण सोडियम लघवीत कॅल्शियमला सोबत घेऊन जाते. पापड, लोणचे, फरसाण आणि पाकिटातले वेफर्स यांचा हिशोब घरच्या भाजीच्या मिठापेक्षा आधी घ्यावा.

शस्त्रक्रियेनंतर मूल पुन्हा नेहमीसारखे हिंडूफिरू लागले, की २४ तासांची लघवी गोळा करून कॅल्शियम, ऑक्झलेट, सायट्रेट आणि युरिक ॲसिड मोजावे. दिवसाला किलोमागे ४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम जात असेल तर ते जास्त समजतात. प्लास्टरच्या काळात केलेली तपासणी दिशाभूल करते. पोटॅशियम सायट्रेट किंवा थायझाइड ही खडे रोखणारी औषधे द्यायची की नाही, हे या आकड्यांवरच ठरते.

खर्चाविषयी कोणी विचारले नाही, तरी लिहून ठेवतो : भारताच्या २०२१च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात ओआयसाठीच्या बिस्फॉस्फोनेट, म्हणजे पॅमिड्रोनेटसारख्या औषधांच्या, उपचारांचा उल्लेख आहे आणि मुंबईचे केईएम रुग्णालय त्या धोरणाखालील उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. खड्याची शस्त्रक्रिया महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे संबंधित रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे.

कोयनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सावलीताई, तुमचा कागद जसाच्या तसा उतरवून घेतला आहे. ज्यांनी मिनी पीसीएनएल सुचवले होते त्या डॉक्टरांना फोन केला. ते उताण्या स्थितीत नेहमी करतात, आणि भूलतज्ज्ञांसह आम्हाला भेटायला तयार आहेत. दोन शंका उरल्या आहेत. पीसीएनएलमध्येही स्टेंट घालतात असे ते म्हणाले. मग तो काढायला पुन्हा भूल द्यावी लागेल का? आणि सगळा खडा निघाला, हे कसे कळते?

निशिगंध

स्टेंट टाळता येतो का, हे भेटीत जरूर विचारा. खडा पूर्ण निघाला, रक्तस्राव नसला आणि मूत्रवाहिनीला इजा नसली तर आतला डीजे स्टेंट न घालता, लघवीच्या मार्गाने बाहेर आणलेली बारीक नळी एक-दोन दिवस ठेवून वॉर्डातच, भुलेशिवाय काढता येते. स्टेंट ठेवावाच लागला तर त्याच्या टोकाला दोरा ठेवून तो बाहेर मांडीवर चिकटवायला सांगा. असा स्टेंटही काही दिवसांनी दोरा ओढून काढतात. मात्र चिकटपट्टी काढताना त्वचा हळू सोडवावी लागते, कारण ओआयमध्ये त्वचाही नाजूक असू शकते.

शस्त्रक्रिया संपताना दुर्बिणीने आतला प्रत्येक कप्पा पाहिला जातो, आणि साधारण महिन्या-दीड महिन्याने सोनोग्राफी करतात. प्रौढांत चार मिलिमीटरपर्यंतचा उरलेला तुकडा पुष्कळदा सोडून देतात. मुलांत तसे करू नये, कारण पुढे कित्येक वर्षे तो वाढायला मोकळा असतो, विशेषतः लघवीत कॅल्शियम जात असेल तर.

निघालेले तुकडे टाकून दिले जाणार नाहीत, असे थिएटरमधल्या सिस्टरना आधीच सांगून ठेवा. ते धुऊन, वाळवून कोरड्या डबीत तपासणीला पाठवायचे असतात. गाठीचा तुकडा पाठवतात तसे फॉर्मॅलिनमध्ये घालू नयेत, नाहीतर खड्याच्या घटकांचा अहवाल बिघडतो. अहवाल आला की इथे लिहा, मॉन्ट्रियलकर आणि मी दोघेही पाहू.